नवी आवृत्ती कोणाच्या भरवशावर?



ज्या ग्रंथपालांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी इथल्या जुन्या मासिकांचे बांधीव अंक वाळवीच्या तोंडातून वाचवले. आता तेच अंक स्कॅन करून, शब्द शोधता येईल अशा मजकुरात आणण्याचं काम वाचनालयातली तरुण मंडळी करत आहेत. त्यांच्या संगणकांवर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली आहे. आजचा विषय त्यांच्याच एका प्रश्नातून निघाला. छापील अक्षरं ओळखणारं टेसेरॅक्ट हे सॉफ्टवेअर या उबुंटूत ४.१.१ आवृत्तीचं मिळतं. टेसेरॅक्टची पाचवी आवृत्ती तर ३० नोव्हेंबर २०२१ लाच आलेली, म्हणजे हे उबुंटू एप्रिल २०२२ मध्ये प्रसिद्ध होण्याच्या जवळजवळ पाच महिने आधी. मग नव्या उबुंटूत जुनं टेसेरॅक्ट का? आणि इंटरनेटवर सापडलेल्या दोन ओळी टर्मिनलमध्ये चिकटवून, कोणा तिसऱ्याच्या रिपॉझिटरीतून, म्हणजे सॉफ्टवेअरच्या साठ्यातून, पाचवी आवृत्ती घ्यावी का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे गैरसमज फार आहे. डिस्ट्रोतलं, म्हणजे उबुंटूसारख्या तयार लिनक्स-संचातलं, सॉफ्टवेअर जुनं दिसलं की आपल्याला वाटतं, करणाऱ्यांनी हयगय केली. प्रत्यक्षात तो जुनेपणा फार कष्टाने राखलेला असतो.

उबुंटू ज्याच्यावर उभं आहे त्या डेबियनची घोषणा इयान मर्डॉक या अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी केली. जगभर कोणी कोणी लिहिलेले प्रोग्राम स्वयंसेवकांनी गोळा करायचे, एकमेकांशी जुळवायचे आणि पॅकेजच्या रूपात एका जागी ठेवायचे, ही त्यामागची कल्पना. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये अशी ६९,८३० पॅकेजं आहेत. यातलं एकही सुटं नसतं. टेसेरॅक्टला चित्र उघडायला लेप्टोनिका नावाची लायब्ररी लागते. लेप्टोनिकाला जेपेग, पीएनजी, टिफ वाचणाऱ्या वेगवेगळ्या लायब्ररी लागतात. आणि सगळ्यांच्या तळाशी जी-लिबसी, जिच्याशिवाय या प्रोग्रामांना साधी फाइलसुद्धा उघडता येत नाही. तळातली एक वीट बदलली की वरचं किती हलेल हे तपासावं लागतं. म्हणून नवी डेबियन यायच्या आधी काही महिने सगळं गोठवतात. नव्या आवृत्त्या घेणं थांबतं आणि दोष काढणं तेवढं चालू राहतं. उबुंटूचंही तसंच. प्रसिद्ध झाल्यावर त्या डेबियनच्या आयुष्यात टेसेरॅक्ट ज्या आवृत्तीचं आहे त्याच आवृत्तीचं राहतं. आज जी कमांड चालली ती दोन वर्षांनीही तशीच चालेल, हा शब्द त्यातून दिलेला असतो.

मग सुरक्षेचं काय? जुन्या आवृत्तीत भोक सापडलं तर? इथे एक घटना जरा जवळून पाहू, कारण आवृत्तीच्या आकड्यावर डोळे लावून बसलेल्यांची तिने फार फसगत केली.

७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष जाहीर झाला. वेबसाइट आणि ब्राउझर यांच्यातलं बोलणं ज्या लायब्ररीने कुलूपबंद होतं तिच्यातूनच सर्व्हरच्या स्मृतीतला मजकूर बाहेर पाझरत होता. दोष १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्यांत होता. मूळ प्रकल्पाने दुरुस्त केलेली १.०.१जी काढली. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६ मध्ये तेव्हा १.०.१ई होती. रेड हॅटने १.०.१जी घेतलीच नाही. दुरुस्तीच्या मोजक्या ओळी तेवढ्या आणून आपल्या १.०.१ई मध्ये बसवल्या आणि पॅकेजच्या नावाची शेपटी बदलली. आता ते नाव झालं ‘१.०.१ई-१६.ईएल६_५.७’. डेबियन ७ ने हेच केलं. यालाच बॅकपोर्टिंग म्हणतात. पण सर्व्हर सांभाळणाऱ्याने ओपनएसएसएललाच आवृत्ती विचारली, तर दुरुस्तीनंतरही उत्तर यायचं १.०.१ई. शेपटी त्यात दिसत नाही. ती पॅकेज मॅनेजरला विचारावी लागते. ज्याला हे ठाऊक नव्हतं तो घाबरला आणि मिळेल तिथून १.०.१जी आणून बसवायला धावला. त्या दिवसापुरतं त्याचं भोक बुजलं. पण डिस्ट्रोच्या अपडेटची साखळी त्याने आपल्या हाताने तोडली, आणि पुढच्या प्रत्येक दोषाच्या वेळी धावण्याची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या अंगावर आली.

याच गोष्टीची आणखी एक बाजू आहे. सदोष भाग ओपनएसएसएलमध्ये आला तोच मार्च २०१२ च्या १.०.१ मध्ये. ज्यांच्याकडे त्याहून जुनी ०.९.८ होती, म्हणजे रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ५ किंवा डेबियन ६ वापरणारे, त्यांना हार्टब्लीडची झळ लागलीच नाही.

तेव्हा आकडा मोठा म्हणजे सुरक्षित हे समीकरण मला मान्य नाही. आकडा लहान म्हणजे सुरक्षित हेही अर्थात खरं नाही. त्या आकड्यामागे कोण बसलंय आणि पुढचा दोष निघाला तर तो माणूस जागेवर असेल का, हे मी आधी पाहतो. आजचं माझं सगळं म्हणणं याच एका प्रश्नाभोवती आहे.

दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने मांडायला हवी. प्रोग्राम लिहिणाऱ्याला जुन्या आवृत्तीचा जाच होतो. ‘एक्सस्क्रीनसेव्हर’चे लेखक जेमी झविन्स्की यांना, त्यांनी केव्हाच दुरुस्त केलेल्या दोषांच्या तक्रारी डेबियन वापरणाऱ्यांकडून येतच राहायच्या. अखेर त्यांनी प्रोग्राममध्येच अशी सोय केली की तो फार जुना झाला की पडद्यावर स्वतःच सांगेल, ही आवृत्ती फार जुनी आहे, बदला. २०१६ मध्ये डेबियन ८ वापरणाऱ्यांना ती सूचना दिसू लागली आणि मोठा वाद झाला. मला त्या वादात झविन्स्की यांचा त्रागा समजतो. ज्याने लिहिलं त्याच्याच माथी, त्याने कधीच मागे टाकलेल्या दोषांचं खापर फुटत होतं.

बॅकपोर्टिंगलाही मर्यादा आहेत. ब्राउझरसारख्या अवाढव्य आणि सतत बदलणाऱ्या प्रोग्रामला ठिगळं लावत बसणं माणसांच्या आवाक्यात नाही. म्हणून स्थिर डेबियनसुद्धा फायरफॉक्सच्या बाबतीत हा नियम सोडते आणि मोझिलाची दीर्घ मुदतीची आवृत्ती जशी पुढे सरकेल तशी घेत जाते.

आणि कधी कधी जुन्या आवृत्तीने कामच अडतं. रेड हॅटच्याच सोर्सवरून बांधलेल्या सेंटओएस ७ चं उदाहरण घ्या. ते जुलै २०१४ मध्ये आलं आणि रेड हॅटच्या दहा वर्षांच्या हिशेबाने ३० जून २०२४ पर्यंत जगलं. त्यात पीएचपी या वेबसाइटच्या भाषेची ५.४ आवृत्ती होती. पीएचपीच्या मूळ प्रकल्पाने ५.४ ला सप्टेंबर २०१५ मध्येच निरोप दिला. मे २०१९ मध्ये वर्डप्रेसची ५.२ आवृत्ती आली आणि तिने किमान ५.६.२० पीएचपी मागितलं. आता एखाद्या संस्थेची वेबसाइट सेंटओएस ७ वर आहे, सर्व्हरला अजून पाच वर्षं आयुष्य आहे, आणि वर्डप्रेस पुढे जायला तयार नाही. या माणसाला ‘आहे त्यात भागवा’ म्हणणं हा सल्ला नव्हे. त्याला बाहेरून पीएचपी आणायलाच हवं होतं.

अशा वेळी हजारो लोकांनी ज्यांचा आधार घेतला ते म्हणजे फ्रान्सचे रेमी कोले. त्यांची रिपॉझिटरी त्यांच्याच पहिल्या नावाने ओळखली जाते. पण मला या माणसाचं नाव पाठ असण्याचं कारण वेगळं आहे. ते रेड हॅटच्या कुळातल्या फेडोरासाठी पीएचपीची पॅकेजं करत आले आहेत, आणि पीएचपी ७.२ प्रसिद्ध करण्याची जबाबदारी ज्या दोघांवर होती त्यांतले एक तेच. म्हणजे प्रोग्राम जिथे तयार होतो तिथेही ते आहेत आणि जिथे बांधला जातो तिथेही. शिवाय मूळ सिस्टीमचं पीएचपी जागच्या जागी ठेवून नवं पीएचपी शेजारी वेगळ्या फोल्डरात बसवण्याची सोय त्यांनी दिली. नवं नकोसं झालं तर जुनं शाबूत. डेबियन आणि उबुंटूच्या बाजूला हेच काम ओंद्रेय सूरी करतात. डेबियनमधल्या पीएचपीची देखभाल ज्यांच्या हातात आहे त्यांतलेच ते एक आहेत, आणि नव्या आवृत्त्यांची बाहेरची रिपॉझिटरीही तेच चालवतात. तिसऱ्या पक्षाची रिपॉझिटरी म्हटलं की सगळ्यांना एकाच तराजूत घालू नये, ते यासाठी. कागदोपत्री हे दोघेही बाहेरचेच. पण त्यांचं काम वर्षानुवर्षं लोकांसमोर उघडं आहे.

आता त्या दोन ओळी. तुम्ही एक रिपॉझिटरी जोडता, मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ म्हणता, पासवर्ड देता आणि अर्ध्या मिनिटात प्रोग्राम तयार. या अर्ध्या मिनिटात काय घडलं? पॅकेजमध्ये प्रोग्रामच्या फायलींबरोबर छोट्या स्क्रिप्टही असतात. काही फायली बसवण्याआधी चालतात, काही नंतर. त्या चालतात रूटच्या अधिकाराने, म्हणजे संगणकावर काहीही वाचण्याच्या, लिहिण्याच्या, पुसण्याच्या मुभेने. त्या काय करणार हे तुम्हाला कोणी विचारत नाही. म्हणून माझ्या मते रिपॉझिटरी जोडणं म्हणजे त्या अनोळखी माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र लिहून देणं आहे. आणि ते एका व्यवहारापुरतं नसतं. उद्या सकाळी तुम्ही नेहमीसारखं अपडेट कराल तेव्हाही ते लागू असेल.

बरेच जण नेमकं हेच विसरतात. तुम्ही रिपॉझिटरी जोडली टेसेरॅक्टसाठी. पण ॲप्टला, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज मॅनेजरला, तसं कुठेच सांगितलेलं नाही. ॲप्टच्या लेखी उबुंटूची अधिकृत रिपॉझिटरी आणि तुमची नवी रिपॉझिटरी दोन्ही सारख्याच. दोघींना मूळ प्राधान्य ५००. प्राधान्य सारखं असलं की ॲप्ट मोठा आकडा उचलतं. उद्या त्या माणसाने, वाईट हेतूने किंवा निव्वळ सोयीसाठी, तिथे ओपनएसएसएचचं पॅकेज थोडा मोठा आकडा देऊन ठेवलं, तर पुढच्या अपडेटला तुमच्या संगणकाचं दार सांभाळणारा प्रोग्राम त्याचा असेल. तुम्ही ‘वाय’ दाबून पुढे गेलेले असाल, कारण त्या लांबलचक यादीतलं एक नाव कोण वाचतं?

यावर उपाय आहे आणि तो कठीण नाही. ॲप्टच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये मोजक्या ओळी लिहून सांगता येतं की या रिपॉझिटरीतल्या सगळ्या पॅकेजांचं प्राधान्य १, फक्त टेसेरॅक्ट आणि त्याच्या लायब्ररीचं ५००. यालाच पिनिंग म्हणतात. मग ‘ॲप्ट पॉलिसी’ आणि पुढे पॅकेजचं नाव अशी कमांड दिली की कोणती आवृत्ती बसलेली आहे, कोणती बसू शकते आणि प्रत्येक कुठून येते आहे, हे ओळीने दिसतं. माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना मी बाहेरची रिपॉझिटरी जोडण्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा ही कमांड द्यायला लावतो, आणि दोन्ही उत्तरं वहीत उतरवून घ्यायला लावतो.

किल्ल्यांबद्दलही बोलायला हवं. प्रत्येक रिपॉझिटरी आपल्या पॅकेजांच्या यादीवर डिजिटल सही करते आणि ती पडताळायची किल्ली तुम्हाला आपल्या संगणकावर ठेवावी लागते. वर्षानुवर्षं हे काम ‘ॲप्ट-की’ या कमांडने होत असे, आणि इंटरनेटवरच्या जुन्या सूचनांत ती अजूनही सापडते. तिच्यात मोठी खोट होती. तिने घातलेली किल्ली एका सामाईक जुडग्यात जायची, आणि जुडग्यातली कुठलीही किल्ली कुठल्याही रिपॉझिटरीची सही खरी मानायला पुरायची. म्हणजे टेसेरॅक्टवाल्याची सही उबुंटूच्या मूळ रिपॉझिटरीलाही चालायची. आता किल्ली वेगळ्या फायलीत ठेवतात आणि रिपॉझिटरीच्या नोंदीत ‘साइन्ड-बाय’ असं लिहून ती त्या एकाच नोंदीला बांधतात. डेबियन १३ मध्ये ‘ॲप्ट-की’ उरलेलीच नाही. तेव्हा एखादा लेख आज तुम्हाला ‘ॲप्ट-की’ वापरायला सांगत असेल, तर तो लिहिल्यापासून त्याच्याकडे कोणी फिरकलेलं नाही एवढं खुशाल समजा. आणि एखादी स्क्रिप्ट इंटरनेटवरून ओढून थेट रूटच्या हाती देणारी एकओळी सूचना दिसली, तर ती स्क्रिप्ट आधी उतरवून घ्या, उघडा, वाचा. बहुतेक वेळा ती पन्नास-शंभर ओळींची असते. वाचायला पाच मिनिटं लागतात.

सही खरी आहे म्हणजे पॅकेज त्याच माणसाकडून आलं एवढंच सिद्ध होतं. तो माणूस भला आहे हे सही सांगत नाही. उबुंटूवर पीपीए म्हणून ज्या वैयक्तिक रिपॉझिटरी मिळतात त्यांच्याबाबत हे लक्षात ठेवा. त्यांत चांगली गोष्ट अशी, की करणाऱ्याला तिथे सोर्स कोडच द्यावा लागतो आणि पॅकेज लाँचपॅड या सेवेच्या यंत्रांवर तयार होतं. त्यामुळे आत काय गेलं ते पाहायचं असेल त्याला पाहता येतं. पण पीपीए कोणीही उघडू शकतो. पत्त्यात उबुंटू हे नाव दिसतं म्हणून उबुंटूने ते तपासलं असं होत नाही. पायथनच्या वेगवेगळ्या आवृत्त्या देणारं ‘डेडस्नेक्स’ हे पीपीए फार नावाजलेलं आहे, आणि ते चालवणारे स्वतःच स्पष्ट लिहून ठेवतात की सुरक्षेची अपडेट वेळेवर येईलच याची हमी नाही. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. वापरणारे मात्र ती ओळ वाचत नाहीत.

पायथनचा विषय निघाला आहे तर एक प्रसंग सांगतो. इथल्या तरुणांपैकी कोणावर तरी तो आज ना उद्या येणारच. उबुंटू २०.०४ मध्ये पायथन ३.८ असतं. कोणाला नवं ३.११ हवं असतं. ते बसतं, शेजारी सुखाने नांदतं, काही बिघडत नाही. मग त्याला वाटतं, नुसतं ‘पायथन३’ म्हटलं तरी नवंच उघडावं. म्हणून तो त्या नावाची जोडणी ३.८ वरून ३.११ कडे वळवतो. संगणक पुन्हा सुरू करतो आणि टर्मिनलवर क्लिक करतो. टर्मिनल उघडत नाही. कारण उबुंटूतलं टर्मिनल सुरू करणारी छोटी स्क्रिप्ट पायथनमध्ये आहे, आणि तिला लागणारे भाग फक्त ३.८ साठी बांधलेले आहेत. रिपॉझिटरी जोडणारी कमांडही पायथनमध्येच आहे, तीही ‘ॲप्ट_पीकेजी सापडत नाही’ म्हणून बंद पडते. म्हणजे जी चूक दुरुस्त करायची तिची हत्यारंही त्याच चुकीखाली गाडली गेली. सेंटओएस ७ मध्ये ‘पायथन’ हे नाव तिसऱ्या आवृत्तीकडे वळवणाऱ्यांचं ‘यम’ हे पॅकेज बसवणारं साधन असंच मोडायचं, कारण यम पायथन २ मध्ये लिहिलेलं होतं. सिस्टीमचं पायथन सिस्टीमचं आहे. आपल्या कामाला नवं हवं असेल तर ते त्याच्या पूर्ण नावाने हाक मारून वापरावं, किंवा आपल्या प्रकल्पापुरतं आभासी वातावरण उभारावं.

विश्वासघाताची उदाहरणं कमी नाहीत. आर्च लिनक्सवर वापरणाऱ्यांनीच चालवलेला एयूआर नावाचा संग्रह आहे. जुलै २०१८ मध्ये तिथे ॲक्रोबॅट रीडरचं एक पॅकेज अनाथ पडलं होतं, म्हणजे आधीच्या माणसाने ते सोडून दिलं होतं. कोणी तरी ते ताब्यात घेतलं आणि संगणकाची माहिती बाहेर पाठवणाऱ्या ओळी त्यात घुसडल्या. लक्षात आल्यावर ते लगेच पूर्वपदावर आणलं गेलं. पण पॅकेज तेच, नाव तेच, फक्त माणूस बदलला होता, आणि पॅकेजची स्क्रिप्ट न वाचणाऱ्याला ते कळायला वाव नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात उबुंटूच्या स्नॅप स्टोअरमधल्या एका खेळात आभासी चलनाचं उत्खनन करणारा प्रोग्राम लपवलेला सापडला.

मात्र सगळ्यांत धक्कादायक प्रकरण मार्च २०२४ मधलं. एक्सझेड ही फायली आवळण्याची, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असलेली लायब्ररी. तिच्या लेखकाला मदत करण्याच्या निमित्ताने ‘जिया तान’ असं नाव सांगणाऱ्या कोणीतरी काही वर्षं चिकाटीने चांगलं काम करून विश्वास मिळवला, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस्क्यूएल डेटाबेसच्या विकासकाला आपल्या संगणकावर एसएसएचने शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्याने ते सोडून दिलं नाही, खणत गेला आणि २९ मार्चला सगळं जाहीर केलं. त्या दिवशी हा चोरदरवाजा डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी शाखांत पोचला होता, फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीत पोचला होता. स्थिर डेबियन १२ मध्ये मात्र ५.४.१ होती. तिथे तो पोचलाच नाही. जी सुस्ती म्हणून हिणवली जाते तिने त्या महिन्यात असंख्य सर्व्हर वाचवले. जे नव्याच्या हव्यासाने स्थिर डेबियनमध्ये अस्थिर शाखेतली पॅकेजं मिसळून बसले होते, त्यांना मात्र आपला संगणक तपासायला पळावं लागलं.

अधिकृत माणसं चुकत नाहीत, असं कोणी समजू नये. २००६ मध्ये डेबियनच्याच देखभालकर्त्याने ओपनएसएसएलमध्ये एक बदल केला. तपासणीच्या साधनाने दिलेल्या इशाऱ्याचा बंदोबस्त करावा, एवढाच त्यामागे हेतू. त्या बदलाने किल्ल्या घडवण्यातली यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली. उरला तो फक्त प्रोसेसचा क्रमांक, आणि तो जास्तीत जास्त ३२,७६८. त्यामुळे एखाद्या प्रकारच्या किल्ल्या म्हणून शक्य होत्या त्या जेमतेम तेवढ्याच. कोणालाही त्या आधीच बनवून ठेवता आल्या असत्या. १३ मे २००८ रोजी डेबियनने हे स्वतःहून जाहीर केलं आणि सगळ्यांना किल्ल्या बदलायला लावल्या. दोष दीड वर्षाहून अधिक काळ कोणाच्या नजरेला आला नाही, हे वाईटच. पण तो सापडला तेव्हा सांगणारं, दुरुस्त पॅकेज पाठवणारं आणि कोणत्या किल्ल्या कच्च्या आहेत ते ओळखण्याचं साधन देणारं कोणीतरी जागेवर होतं. कोणा अनामिक पीपीएमध्ये हेच घडलं असतं तर तुम्हाला कोण सांगायला आलं असतं?

म्हणून नवं हवंच असेल तेव्हा मी कुठे आधी जातो ते सांगतो. डेबियनवर पहिला थांबा बॅकपोर्ट्स. पुढच्या डेबियनसाठी तयार झालेली पॅकेजं त्यात आजच्या स्थिर डेबियनवर पुन्हा बांधलेली असतात. २०१० पासून ती डेबियनचीच अधिकृत सेवा आहे, आणि तिचं प्राधान्य मुद्दाम १०० ठेवलेलं असल्यामुळे मागितल्याशिवाय काहीही आपणहून घुसत नाही. रेड हॅटच्या कुळात फेडोराचा ‘एपेल’ संग्रह आहे. मूळ सिस्टीममधलं पॅकेज बदलायचं नाही, फक्त नसलेलं द्यायचं, हा त्याचा शिरस्ता. त्यानंतर खुद्द मूळ प्रकल्पाने चालवलेली रिपॉझिटरी. पोस्टग्रेस्क्यूएलची याचा नमुना आहे. फ्लॅटपॅक आणि स्नॅप यांनी डेस्कटॉपवरच्या प्रोग्रामांचा प्रश्न बराच सोपा केलाय, कारण ते आपल्या लायब्ररी आपल्याबरोबर घेऊन येतात आणि सिस्टीमच्या पायाला हात लावत नाहीत. पण आतल्या त्या लायब्ररी ताज्या कोण ठेवतं हा प्रश्न तिथेही राहतोच. कंटेनरचंही तसंच. दोन वर्षांपूर्वी बांधलेली इमेज आत दोन वर्षं जुनीच असते.

रिपॉझिटरी जोडताना जो उत्साह असतो तो काढताना नसतो. उबुंटूच्या एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जाताना उबुंटूचा अपग्रेडर बाहेरच्या सगळ्या रिपॉझिटरी आपोआप बंद करतो. त्यांतून आलेली पॅकेजं मात्र संगणकावर तशीच राहतात. त्यांना आता अपडेट पाठवणारं कोणी नाही, आणि आकडा मोठा असल्यामुळे उबुंटूचं अधिकृत पॅकेज त्यांच्या जागी येत नाही. अशी बेवारस पॅकेजं मी अनेक कार्यालयांच्या संगणकांवर पाहिली आहेत. ज्याने ती बसवली तो केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. ‘पीपीए-पर्ज’ हे साधन रिपॉझिटरी काढताना तिची पॅकेजंही मूळ आवृत्तीवर परत आणतं. अपग्रेड करण्याआधी ते चालवावं.

आता वाचनालयाच्या कामाकडे येतो. टेसेरॅक्ट ५ चं एक पीपीए आहे, टेसेरॅक्टच्या अधिकृत माहितीतच त्याचा उल्लेख आहे, आणि ते घ्यायला माझी हरकत नसती. पण कार्यकर्त्यांची अडचण आवृत्तीची नव्हतीच. त्यांना हवी होती अचूकता. ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य आणि ‘सूर्य’ मधला र्य यांत होणारा घोटाळा, जुन्या खिळ्यांच्या छपाईत तुटलेल्या वेलांट्या, अनुस्वार समजून घेतलेले शाईचे ठिपके. मजकूर ओळखण्याचं नवं न्यूरल जाळं टेसेरॅक्टमध्ये आलं ते चौथ्या आवृत्तीतच, ऑक्टोबर २०१८ मध्ये. पाचव्या आवृत्तीत वेग वाढला, आतली गणितं हलकी झाली, पण मराठीसाठी शिकवलेली फाइल दोन्हींत तीच चालते. आणि त्या फाइलचे प्रकार आहेत. उबुंटू आपल्याबरोबर देतं ती झटपट चालणारी. त्याच प्रकल्पाने ‘बेस्ट’ नावाने ठेवलेली दुसरी आहे, हळू पण अधिक काटेकोर. तिच्यासोबत संपूर्ण देवनागरी लिपीसाठी शिकवलेली आणखी एक फाइल मिळते, आणि मराठीत मध्येच संस्कृत श्लोक येतो अशा पानांना ती वापरून पाहण्यासारखी आहे.

ही ‘बेस्ट’ फाइल आपल्या होम फोल्डरात ठेवायची आणि टेसेरॅक्टला तो फोल्डर दाखवायचा. रिपॉझिटरी नाही, सुडो नाही, रूट नाही. उबुंटूचं ४.१.१ जागच्या जागी राहतं. एकाच अंकाची काही पानं दोन्ही फायलींनी वाचवून, हाताने तपासलेल्या मजकुराशी ताडून पाहा आणि मगच ठरवा. पुढे उबुंटू २४.०४ वर जाल तेव्हा पाचवी आवृत्ती, ५.३.४, अधिकृत संग्रहातूनच मिळेल. तीही ‘युनिव्हर्स’ या भागात आहे हे ध्यानात असू द्या. त्या भागाची देखभाल मुख्यतः स्वयंसेवकांवर आहे. ‘ॲप्ट शो’ म्हणून पॅकेजचं नाव दिलं की देखभालकर्त्याचं नाव आणि पत्ता छापून येतो. ऱ्य चुकतोय असं एखाद्या पानावर वारंवार दिसलं, तर ते पान, आलेला मजकूर आणि हवा असलेला मजकूर असं तिन्ही जोडून टेसेरॅक्टच्या मूळ प्रकल्पाकडे पाठवा. तिथल्या बहुतेकांना मराठी येत नाही, तेव्हा आपल्या लिपीतली चूक दाखवायला आपल्यालाच जावं लागेल.